बार्शी लाईट : भीमेपलीकडची गाडी

इंदापूर तालुका दोन नद्यांच्या बेचक्यात वसला आहे. उत्तरेकडून भीमा येते, दक्षिणेकडून नीरा, आणि आग्नेयेच्या टोकाला नरसिंहपुरात दोघी एक होतात. संगमावर लक्ष्मी-नृसिंहाचे देऊळ आहे. आतली वालुकामय मूर्ती प्रल्हादाने घडवली अशी श्रद्धा आहे. देवळाची आजची भक्कम उभारणी पेशवाईतले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या नावाशी जोडली जाते. नृसिंह कित्येक घराण्यांचा कुलस्वामी असल्याने वैशाख शुद्ध चतुर्दशीला दूरदूरची माणसे इथे येतात. भीमा ओलांडली की माढा तालुका लागतो, नीरा ओलांडली की माळशिरस. दोन्ही सोलापूर जिल्ह्यातले. पुणे जिल्ह्याच्या अशा कडेला असलेल्या नरसिंहपुराला रेल्वे स्टेशन मिळाले नाही यात नवल नाही. नवल याचे वाटते की याच तालुक्यात रेल्वे फार लवकर, सत्तावनच्या उठावाची धग विझते न विझते तोच येऊन पोचली होती, आणि तरीही तिचा खरा उपयोग इथल्या माणसाला व्हायला आणखी जवळजवळ पन्नास वर्षे जावी लागली.

डिसेंबर १८५८ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, म्हणजे जीआयपीची, गाडी पुण्याहून दौंडमार्गे डिकसळपर्यंत धावू लागली. डिकसळ इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी. पुढे नदी होती आणि नदी ओलांडून रूळ पलीकडे जाईपर्यंत, म्हणजे सुमारे दहा महिने, हे आडबाजूचे गाव दख्खनच्या रेल्वेचे शेवटचे स्टेशन होते. त्या वेळी बोरघाटातला मार्गही पुरा झालेला नव्हता. मुंबईहून निघालेला माणूस खोपोलीला उतरे, पालखी, तट्टू किंवा पायी असा घाट चढे, खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसे आणि डिकसळला सोलापूरकडे जाणारी बैलगाडी शोधे. घाटातून सलग गाडी १८६३ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. त्याआधीच ऑक्टोबर १८५९ मध्ये रूळ भीमा ओलांडून कुर्डुवाडीपर्यंत गेले होते आणि जून १८६० मध्ये सोलापूरला पोचले होते.

या घाईमागे कापूस होता. गिरण्यांना लागणारा माल दख्खनच्या पठारावरून बंदरावर लवकरात लवकर उतरवणे हा मार्गाचा हेतू. म्हणून मुख्य लोहमार्ग जितका सरळ नेता येईल तितका नेला गेला. बाजारपेठा, देवस्थाने, तालुक्याची गावे वाटेत आली तर आली. बार्शी वाटेत आली नाही. बालाघाटच्या डोंगरातून आणि निजामाच्या मुलखातून कापूस व धान्य बार्शीच्या पेठेत उतरे, पण तिथून सर्वांत जवळचे स्टेशन कुर्डुवाडीला, एकवीस-बावीस मैलांवर. त्या स्टेशनला नावही ‘बार्शी रोड’ असेच दिले गेले. पंढरपूरही वाटेत आले नाही. मुंबई-पुण्याकडून रेल्वेने येणारा यात्रेकरू बार्शी रोडला उतरे आणि उरलेले तीस-एक मैल बैलगाडीने, टांग्याने किंवा चालत जाई. आषाढात काळ्या रानातले ते रस्ते कसे होत असतील हे या भागातल्या माणसाला सांगायला नको. बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतले की बैल सोडून माणसे जुंपायची वेळ येते.

मोठी रेल्वे आली पण गावापर्यंत आली नाही, ही अडचण एका तरुण इंग्रज अभियंत्याच्या मनात घर करून राहिली. त्याचे नाव एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. जन्म १८५७ चा, इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यातला. इंजिनांच्या कारखान्यांत उमेदवारी करून १८८२ मध्ये तो जीआयपीत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून हिंदुस्थानात आला. मुख्य मार्गावर हिंडताना त्याला दिसले की प्रत्येक मोठ्या स्टेशनाच्या दोन्ही अंगांना भरपूर माल आणि भरपूर माणसे आहेत, पण त्यांच्यासाठी साडेपाच फुटी रुंद मार्ग टाकणे कुणालाच परवडणारे नाही. स्वस्त, हलका, अरुंद फाटा हवा. त्याने रजा मागून बार्शीच्या बाजूची पाहणी केली आणि १८८७ मध्ये लंडनला अशा फाट्यांसाठी एक कंपनीही नोंदवली. पण सरकारी परवानगी आणि जीआयपीची मर्जी या दोन्ही गोष्टी त्याला लवकर मिळाल्या नाहीत. नोकरी सुटली, प्रकृती ढासळली, तो मायदेशी परतला. बार्शीची कल्पना मात्र त्याने सोडली नाही. १८९५ मध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी लंडनमध्ये स्थापन झाली, सरकारशी करार झाला आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही अडीच फुटी गाडी धावू लागली.

कॅल्थ्रॉपच्या कामातली मुख्य गोष्ट इथे नीट सांगायला हवी, कारण तिच्यावरच पुढचे सगळे उभे आहे. त्याआधीच्या बहुतेक लहान रेल्वे म्हणजे मोठ्या रेल्वेची कमकुवत नक्कल असत. बारीक इंजिन, बारीक डबे, थोडा माल आणि म्हणून थोडे उत्पन्न. कॅल्थ्रॉपने हिशोब उलटा मांडला. रुळावर भार पडतो तो प्रत्येक आसाचा. मग इंजिन असो, डबा असो वा वाघीण, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन पडू द्यायचे नाही, आणि त्याच वेळी सगळ्या आसांवर त्या मर्यादेपर्यंत भार पडेल अशी रचना करायची. म्हणजे वाराला तीस पौंडांचा हलका रूळ पुरतो, पूल हलके चालतात, भराव कमी लागतो. आणि तरीही इंजिनाला आस जास्त दिले की ते ताकदीत कमी पडत नाही. लीड्सच्या किटसन कारखान्याने त्याला आठ चालक चाकांची इंजिने बांधून दिली. वाघिणी दाबून घडवलेल्या पोलादाच्या होत्या, त्यामुळे त्यांचे स्वतःचे वजन कमी आणि पोटात माल जास्त. प्रवासी डबे चाळीस फूट लांब आणि रुळांच्या अंतराच्या जवळजवळ तिप्पट रुंद, तरी न डगमगणारे. हिंदुस्थानात पाठवण्याआधी हे सगळे सामान लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरता मार्ग टाकून चालवून दाखवले गेले आणि ते पाहायला अभियंते व लष्करी अधिकारी आवर्जून गेले होते. अडीच फुटी रुळावर इतके ओझे ओढता येते हे अनेकांना तिथे पहिल्यांदा पटले.

दख्खनच्या एका पेठेसाठी केलेला हा विचार रेल्वेच्या जगात नमुना म्हणून पाहिला गेला, याचा आपल्याकडे फारसा उच्चार होत नाही. खुद्द इंग्लंडमध्येही त्याचे अपत्य जन्मले. १८९६ च्या हलक्या रेल्वेच्या कायद्याने तिथे खेड्यापाड्यांसाठी स्वस्त मार्ग बांधायला वाट मोकळी झाली होती. स्टॅफर्डशर परगण्यात मॅनिफोल्ड नावाची एक छोटी नदी चुनखडीच्या डोंगरांतून वाहते. तिच्या खोऱ्यात वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड असा आठ मैलांहून थोडा लांब अडीच फुटी मार्ग १९०४ च्या जूनमध्ये सुरू झाला. अभियंता कॅल्थ्रॉपच. इंजिने किटसनची, फक्त दोन, आणि त्यांतल्या एकाला खुद्द त्याचेच नाव दिले होते. समोर भलामोठा दिवा, डब्यांना टोकाला उघडी गॅलरी, रंग फिकट पिवळा. थंड, पावसाळी इंग्लंडमध्ये ही गाडी उष्ण देशातून आल्यासारखी दिसे, आणि घडणीच्या दृष्टीने ती खरोखरच बार्शीची धाकटी बहीण होती.

मॅनिफोल्डच्या गाडीतली एक गोष्ट मात्र बार्शीला नव्हती. रुंद मार्गाची वाघीण जशीच्या तशी उचलून घेणारे खालच्या चौकटीचे वाहक डबे कॅल्थ्रॉपने तिथे वापरले. मोठ्या मार्गाची वाघीण त्यावर चढवायची आणि छोट्या मार्गाने थेट खेड्यापर्यंत न्यायची, मधे माल उतरवणे-चढवणे नाही. कुर्डुवाडीला प्रत्येक पोते, प्रत्येक कापसाची गाठ, प्रत्येक तेलाचा डबा अरुंद गाडीतून काढून रुंद गाडीत भरावा लागे, आणि उलटही. तो सगळा भार हमालांच्या पाठीवर. कुर्डुवाडीच्या वाढीचा इतिहास लिहिताना इंजिने आणि साहेब यांच्यावर पाने खर्च होतील, पण हे गाव जंक्शन म्हणून उभे राहिले ते दोन फलाटांमधल्या त्या थोड्या पावलांच्या अंतरात पाठीवर ओझी वाहणाऱ्या माणसांमुळे, हे विसरता येत नाही.

१९०६ मध्ये बार्शी लाईटचा दुसरा फाटा कुर्डुवाडीहून मोडनिंब, आष्टी करत पंढरपूरला गेला. इथून या गाडीचा स्वभाव बदलला. बार्शीची बाजू व्यापाऱ्यांची होती. पंढरपूरची बाजू वारकऱ्यांची झाली. एरवी प्रवासी आणि माल एकाच गाडीला जोडून निवांत चालणारी ही रेल्वे आषाढी-कार्तिकीला पार वेगळी होई. प्रवासी डबे पुरत नसत, तेव्हा मालाच्या वाघिणींतही यात्रेकरू बसवले जात. पोलादी वाघिणीत, वर छप्पर असो वा नसो, टाळ-मृदंगासह दाटीवाटीने बसलेली माणसे हे दृश्य कंपनीच्या दृष्टीने हंगामाची कमाई होती. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र एवढेच महत्त्वाचे होते की ज्या वाटेला दोन दिवस लागत ती एका दिवसात सरते.

नरसिंहपूरच्या बाजूने पाहिले तर याचा अर्थ काय? तुकोबांची पालखी बारामती, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला येते, नीरा ओलांडते आणि अकलूजकडे वळते. सराटी नरसिंहपूरच्याच पट्ट्यातले गाव. पालखीची वाट तेव्हाही पायी होती, आजही आहे. रेल्वेने तिला धक्का लावला नाही. पण ज्यांना चालणे झेपत नाही अशांचा, म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या, मुंबईच्या गिरणीतून चार दिवसांची रजा काढून आलेल्या कामगारांचा, पंढरीचा रस्ता या गाडीने मोकळा केला. आणि जे पंढरीला येत त्यांच्यातले काही वाट वाकडी करून कुलस्वामीच्या दर्शनाला संगमावरही येत. पुण्या-मुंबईचा माणूस कुर्डुवाडीला उतरून टेंभुर्णीच्या अंगाने भीमेपर्यंत येई आणि नावेने पैलतीर गाठी. पूल, पक्के रस्ते आणि एसटी येण्याआधीच्या काळात नदीपलीकडचे स्टेशन हेच या कोपऱ्याचे स्टेशन होते. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाचे डिकसळ नकाशावर आपले असले तरी चालीला परके होते.

बार्शीपुढचा मार्गही याच काळात वाढत गेला. बार्शीहून येडशीकडे बालाघाटचा चढ आहे, रामलिंगाच्या दऱ्या आहेत. तो चढून गाडी १९०७ मध्ये तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये निजामाच्या राज्यातल्या लातूरपर्यंत गेली. लातूरची भुसार पेठ पुढे ज्या जोमाने वाढली त्यात या अडीच फुटी रुळाचा वाटा मोठा आहे. आणि येडशी-तडवळे या तुकड्याशी इंदापूर तालुक्याचे एक फार जवळचे नाते आहे. त्या कामाचा ठेका घेतला होता लक्ष्मणराव फाटक नावाच्या रेल्वेतल्या माजी कारकुनाने, आणि त्याच्यासोबत भागीदारीत उतरला सोलापूरच्या हिराचंद घराण्यातला एक तरुण. घरचा कापसाचा व सावकारीचा व्यवसाय सोडून माती-खडीच्या कामात पडणाऱ्या या मुलाकडे घरच्यांनी काळजीनेच पाहिले असेल. तो म्हणजे वालचंद हिराचंद. बार्शी लाईटच्या त्या ठेक्यातून सुरू झालेली फाटक-वालचंद ही जोडी पुढे मुंबई इलाख्यातल्या मोठ्या बांधकामांपर्यंत पोचली. वालचंदांनी नंतर जहाजे, विमाने, मोटारी यांचे कारखाने काढले. १९३० च्या दशकात त्यांनी नीरेच्या कालव्याच्या पाण्यावर, इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर साखर कारखाना उभा केला. त्याभोवती वाढलेली वसाहत म्हणजे आजचे वालचंदनगर. नरसिंहपूरच्याच तालुक्यातल्या सर्वांत मोठ्या उद्योगाचे मूळ अशा रीतीने भीमेपलीकडच्या छोट्या गाडीच्या भरावात सापडते. इतिहासाचे धागे असे जवळून जातात आणि तालुक्याच्या शाळेत ते कुणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

१९१४ मध्ये दौंड-बारामती हाही अरुंद मार्ग सुरू झाला आणि बारामतीचा गूळ, धान्य, पुढे साखर मुख्य मार्गाला लागली. म्हणजे इंदापूरच्या पश्चिमेला बारामतीची छोटी गाडी, पूर्वेला कुर्डुवाडी-पंढरपूरची छोटी गाडी, उत्तरेला जीआयपीचा मोठा मार्ग. मधल्या तालुक्याने तिन्हींचा उपयोग केला, आणि तालुक्याच्या गावाला, इंदापूरला, स्वतःचे स्टेशन कधी लाभले नाही.

१९२७ मध्ये बार्शी लाईट पंढरपूरहून सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठे महांकाळ अशा दुष्काळी पट्ट्यातून मिरजेला जाऊन पोचली आणि तिची लांबी २०२ मैल झाली. मिरजेला दक्षिणेचा मीटर गेज होता. १९७१ मध्ये पुणे-मिरज मार्ग रुंद झाला तेव्हा तिथे तिन्ही मापांचे रूळ शेजारी शेजारी नांदू लागले. त्याच १९२७ साली कॅल्थ्रॉप वारला. आयुष्याच्या उत्तरार्धात तो रेल्वे सोडून हवाई छत्रीच्या मागे लागला होता. १९१० मध्ये विमान कोसळून त्याचा मित्र चार्ल्स रोल्स मरण पावला, त्या आघाताने त्याने ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री बनवली आणि तिच्यासाठी आपली पुंजी खर्ची घातली. घोड्यांवर जीव असलेला हा माणूस अरबी घोडे पाळत असे आणि घोड्याला सोबती मानून त्यावर त्याने पुस्तकही लिहिले. एका माणसाच्या हातून बार्शीचे रूळ, मॅनिफोल्डचे रूळ आणि सैनिकांना आकाशातून सुखरूप उतरवणारे कापड निर्माण व्हावे, यात मला एकच ओढ दिसते. जिथे थोरामोठ्यांची साधने पोचत नाहीत तिथे हलके, भरवशाचे साधन पोचवायचे.

मॅनिफोल्डची गाडी मात्र फार जगली नाही. तिथली स्टेशने नदीकाठी खोऱ्याच्या तळाशी होती आणि गावे डोंगरावर. गाडीला जायचे तर प्रथम उतरायचे आणि परतताना चढायचे. प्रवासी सुट्टीच्या दिवसांत येत, बाकी काळ दुधाचा. खोऱ्यातल्या एक्टनच्या डेअरीचे दूध ही गाडी वाहून नेई, तेच तिचे अन्न. १९३२ मध्ये डेअरी बंद पडली, मोटारलॉऱ्या आल्या, आणि मार्च १९३४ मध्ये गाडी थांबली. रूळ उखडून १९३७ मध्ये तिथे पायवाट केली गेली. ह्यूम एंडचे स्टेशन आज पर्यटकांसाठी माहिती केंद्र आहे. खोऱ्यातून चालणाऱ्या इंग्रज कुटुंबाला पायाखालच्या वाटेचा आराखडा सोलापूरच्या माळावर सिद्ध झाला होता हे कदाचित तिथल्या फलकावरूनच कळत असेल.

बार्शीची गाडी सात दशके अधिक चालली. कारण साधे होते. तिच्यावर एका डेअरीचे नव्हे, तर पंढरीच्या वारीचे, लातूर-बार्शीच्या पेठांचे आणि शेकडो खेड्यांच्या रोजच्या बाजारहाटाचे ओझे होते. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने कंपनी विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत सामील झाली. वाफेच्या इंजिनांच्या जागी डिझेल आले. ‘बार्शी लाईट’ हे नाव कंपनी गेल्यावरही लोकांच्या तोंडून गेले नाही.

याच काळात डिकसळचे भाग्यही पालटले. उजनी धरणाचे काम १९८० मध्ये पुरे झाले आणि भीमेचे पाणी इंदापूर, करमाळा, दौंडच्या शिवारात दूरवर पसरले. जुना लोहमार्ग बदलावा लागला, गाड्या नव्या मार्गाने आणि नव्या पुलावरून धावू लागल्या. रेल्वेचा जुना पूल मग पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांना जोडणारा रस्ता बनला. डिकसळ-कोंढार चिंचोलीकडची माणसे, उसाच्या बैलगाड्या, दुधाच्या मोटारसायकली त्याच्यावरून जाऊ लागल्या. पेशवाई संपून जेमतेम चाळीस वर्षे झाली असताना ज्या ठिकाणी दख्खनची रेल्वे थांबून नदी ओलांडण्याची वाट पाहत होती, त्या परिसराचा मोठा भाग आज धरणाच्या फुगवट्याखाली आहे.

एकविसाव्या शतकाच्या तोंडावर अरुंद मार्ग रुंद करण्याचे काम सुरू झाले. कुर्डुवाडी-पंढरपूर रुंद झाला, मग २००७ आणि २००८ मध्ये लातूर-धाराशिव-कुर्डुवाडी, शेवटी पंढरपूर-मिरज. आता मुंबईहून पंढरपूरला आणि लातूरला थेट गाडी जाते, कुर्डुवाडीला पोते उतरवून पुन्हा भरावे लागत नाही. कुर्डुवाडीचे रेल्वे वर्कशॉप, ज्यात छोट्या मार्गाची इंजिने आणि डबे पिढ्यानपिढ्या दुरुस्त झाले, अजून चालू आहे. बाप, मुलगा, नातू अशा ओळीने तिथे कामाला लागलेली घरे गावात आहेत.

नरसिंहपूरला आजही रेल्वेने यायचे तर कुर्डुवाडीलाच उतरावे लागते; पुढे टेंभुर्णीमार्गे एसटी किंवा जीप. दुसऱ्या बाजूने लोणंद-फलटण मार्ग २०१९ मध्ये सुरू झाला आहे, फलटण-बारामतीचे काम चालू आहे, आणि फलटण-पंढरपूर या जुन्या मागणीचा पाठपुरावा माळशिरस, नातेपुते, वेळापूरची माणसे अजून करत आहेत. तो मार्ग झाला तर नीरेच्या पैलतीरावरून, संगमापासून फार दूर नाही अशा अंतरावरून गाडी जाईल.